स्पेक्युलराइट : संग्रह आणि घडण (नागपूर परिसर)

हेमॅटाइट या लोहखनिजाचा पोलादी करड्या रंगाचा, अभ्रकासारख्या पापुद्र्यांचा आणि हलवला की लखलखणारा प्रकार म्हणजे स्पेक्युलराइट. हे दगड जमवणे, पारखणे, कापणे आणि घासून त्यांना झिलई आणणे हा छंद नागपुरात मोजक्या लोकांपुरता असला, तरी या शहराला तो शोभणारा आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय, मॅंगनीज काढणाऱ्या मॉइलचे मुख्यालय आणि विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग एवढे सगळे एका गावात आहे. दगड हा इथे बऱ्याच घरांच्या पोटापाण्याचा विषय आहे आणि निवृत्तीनंतर तोच पुष्कळदा विरंगुळ्याचा होतो. शहर ज्या खडकांवर वसले आहे त्यांत मात्र संग्रहात ठेवावा असा स्पेक्युलराइट मिळत नाही, हे नवख्याला आधीच सांगितलेले बरे.

स्वरूप : हेमॅटाइट म्हणजे लोहाचे ऑक्साइड, दोन अणू लोहाचे, तीन ऑक्सिजनचे. शुद्ध खनिजात वजनाने सुमारे ७० टक्के लोह असते. मोह्स मापावर काठिण्य ५.५ ते ६.५, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड ते) ५.२६. याच पदार्थाचे कण अतिसूक्ष्म असले की तो लाल दिसतो आणि त्यालाच आपण गेरू म्हणतो. कण मोठे आणि पत्र्यासारखे वाढले की प्रकाश आरशावरून परतावा तसा परततो आणि दगड चंदेरी-करडा दिसतो. तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू आणि कपाटातला लखलखता नमुना यांच्यात रासायनिक फरक जवळपास नाही. स्पेक्युलराइट खलात कुटला की लालच होतो. शंका असेल त्याने कडेचा एक तुकडा कुटून पाहावा.

विदर्भातला चमकदार हेमॅटाइट मुख्यतः पट्टेदार लोहखडकात मिळतो. अब्जावधी वर्षांपूर्वीच्या समुद्रात लोह आणि सिलिका यांचे थर आलटून पालटून साचले. पुढे उष्णता व दाब यांमुळे त्यांचे पुनर्स्फटिकीभवन झाले, हेमॅटाइटचे पत्रे वाढले आणि दाबाला आडवे होऊन एका दिशेत निजले. ही दिशा लक्षात ठेवावी. घडणीचे सगळे यशापयश तिच्यावर आहे.

आढळ : नागपूरच्या पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट, पूर्वेला पट्टिताश्म (नाइस), उत्तरेला कामठीचे वालुकाश्म आणि त्यापलीकडे सौसर गटाचे मॅंगनीजयुक्त खडक आहेत. बेसाल्टात झिओलाइट व अकीक, मनसर-कांद्रीकडे मॅंगनीजची काळी धातुके. नागपूरकर संग्राहकाच्या घरी पहिली गर्दी याच मंडळींची असते. लोहासाठी मात्र चंद्रपूर-गडचिरोलीकडे जावे लागते. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातील लोहारा, पिंपळगाव, देवलगाव ही नावे भूशास्त्रीय लेखनात एकोणिसाव्या शतकापासून येतात. लोहाऱ्याचे धातुक स्फटिकी हेमॅटाइटचे असून त्यात थोडा मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारे काळे लोहखनिजही असते. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे साठे आज जास्त गाजतात.

लोहाऱ्याचा इतिहास नागपूरशी जोडलेला आहे. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटांच्या हाती १८८२ साली फॉन श्वार्त्स या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोहावरचा अहवाल पडला आणि पोलादाच्या कारखान्याचा विचार सुरू झाला. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा निघाला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी टाटा आणि अमेरिकी भूशास्त्रज्ञ चार्ल्स वेल्ड यांनी लोहारा परिसर पायाखाली घातला. धातुक चांगले, पण मोठ्या कारखान्याला पुरणारे नाही असे ठरले. त्यानंतर दोराबजी नागपुरात अधिकाऱ्यांना भेटायला आले. साहेब जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले, आणि तिथल्या भूशास्त्रीय नकाशावर दुर्गकडचा भाग लोहाच्या रंगाने रंगवलेला त्यांना दिसला. त्यातून दल्ली-राजहराच्या टेकड्यांपर्यंत ते पोचले. या टेकड्यांची नोंद प्रमथनाथ बोस यांनी आधीच केलेली होती. टाटांचा कारखाना शेवटी साकचीला (आजचे जमशेदपूर) झाला आणि दल्ली-राजहराचे धातुक पुढे भिलाईने वापरले. ते संग्रहालय म्हणजे १८६३ साली स्थापन झालेला आपला अजब बंगला. साहेब वेळेवर भेटले असते तर काय झाले असते, हा नागपुरी गप्पांत रंगणारा प्रश्न आहे, पण विश्वकोशात त्याला जागा नाही.

या प्रदेशात लोह गाळण्याची परंपरा याहून फार जुनी आहे. पारशिवनी तालुक्यातील नायकुंड येथे महापाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली; वक्र विटांची, वारा घालण्यासाठी मातीच्या नळ्या असलेली. तिचा काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा मानतात. काटोल रस्त्याकडचे माहूरझरी हे दगडी मण्यांच्या कामासाठी पुरातत्त्वज्ञांना परिचित आहे. दगड घासून चमकवणारे हात नागपूरच्या आसपास अडीच हजार वर्षांपूर्वीही होते. जगात इतरत्र तर लखलखत्या हेमॅटाइटचा वापर आणखी मागे जातो. एस्वातिनी देशातल्या एंग्वेन्या येथे चाळीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तो अंगाला लावण्याच्या रंगासाठी खणत होते, असे मानले जाते.

पारख : नुसत्या चमकेवर विसंबणारा फसतो. अभ्रकी शिस्ट हा पापुद्र्यांचा खडकही चमकतो, पण तो हाताला हलका लागतो आणि नखानेसुद्धा त्याचे पापुद्रे सुटतात. गॅलेना हे शिशाचे खनिज; तो हेमॅटाइटपेक्षा जड, पण मऊ असतो आणि फुटला की चौकोनी पायऱ्या पडतात. नागपुरात खरा घोटाळा मॅंगनीज धातुकांशी होतो, कारण ती जवळ मिळतात, काळीभोर व जड असतात आणि ताज्या तुटीवर चकाकतात. निर्णय कशाने लावायचा तो कसाने. बाथरूमच्या टाइलची मागची, झिलई नसलेली बाजू किंवा चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरबरीत कड घ्यावी आणि दगड त्यावर ओढावा. हेमॅटाइटची रेघ विटकरी-लाल उमटते. मॅग्नेटाइटची काळी, मॅंगनीजची काळी ते तपकिरी-काळी, गॅलेनाची शिशासारखी करडी. दगड कितीही चंदेरी असला तरी रेघ लाल आली पाहिजे.

दुसरी कसोटी लोहचुंबकाची. हेमॅटाइट चुंबकाला जवळपास दाद देत नाही. तुकडा ओढला गेला तर त्यात मॅग्नेटाइट आहे, आणि विदर्भातल्या नमुन्यांत ते असणे नवल नाही. याउलट बाजारात ‘मॅग्नेटिक हेमॅटाइट’ म्हणून विकली जाणारी कडी आणि माळा, ज्यांचे मणी एकमेकांना टकटक चिकटतात, त्या कारखान्यात बनवलेल्या फेराइट या कृत्रिम चुंबकी पदार्थाच्या असतात. रक्तदाबावर त्यांचा उपयोग सांगणाऱ्याला हे ऐकवून काही फायदा होत नसतो, तरी नोंदीत असू द्यावे.

तिसरी कसोटी वजनाची, आणि ती घरी मोजून करता येते. दगड आधी हवेत तोलावा, मग दोऱ्याने पाण्यात लटकवून तोलावा. हवेतल्या वजनाला दोन्हींतील फरकाने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. समजा दगड हवेत ४०० ग्रॅम आणि पाण्यात ३१० ग्रॅम भरला, तर उत्तर साधारण ४.४ येते. क्वार्ट्झचे २.६५ आणि हेमॅटाइटचे ५.२६ धरले तर अशा पट्टेदार दगडात आकारमानाने सुमारे दोनतृतीयांश हेमॅटाइट आहे असा अंदाज बांधता येतो. कापायला घेण्याआधी हा आकडा हाती असणे फार उपयोगाचे.

मिळवण्याचे मार्ग : लोहखनिज हे प्रमुख खनिज असल्याने १९५७ च्या खाण व खनिज कायद्याखाली येते, भाडेपट्ट्याच्या क्षेत्रात विनापरवाना शिरून दगड उचलणे म्हणजे छंद नव्हे. जंगलातला दगडही १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार वनोपज ठरतो, आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा बराचसा लोहपट्टा जंगलातच आहे. वाघ आहेत ते वेगळेच. सुरजागडची टेकडी माडिया समाजाच्या ठाकूरदेवाची असून जानेवारीत तिथे यात्रा भरते. खाणीवरून तिथे संघर्षही झालेला आहे. हौसेखातर हातोडा घेऊन जाण्याची ती जागा नाही. रेल्वेच्या सायडिंगवर मालगाडीच्या डब्यातून सांडलेले तुकडे उचलणारे असतात, पण तोही माल कुणाच्या तरी मालकीचाच असतो. उरतात ते साधे मार्ग : विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाच्या अभ्याससहलीत परवानगीने मिळालेला नमुना, जुन्या संग्राहकाशी अदलाबदल (झिओलाइटच्या बदल्यात लोहखडक हा सौदा सहसा जमतो), किंवा खनिजविक्रेत्याकडून खरेदी. कर्नाटकातल्या संडूरचे आणि गोव्याकडचे तुकडेही अशा वाटेने नागपुरात येतात.

घडण : स्पेक्युलराइटवरचे काम करवतीआधीच ठरलेले असते. पत्रे ज्या प्रतलात निजले आहेत त्याला समांतर कापला तर अख्खा पृष्ठभाग एकदम चमकतो, पण घासताना पापुद्रे उपटून खळगे पडतात. काटकोनात कापला तर पट्टे रेखीव दिसतात, झिलई टिकते, मात्र लखलख जाते. उरतो तो सुबक करडा दगड, ज्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही. थोडे तिरके कापणे हा मधला मार्ग. कोन किती, याचे कोष्टक नाही. दगड ओला करून एकाच दिव्याखाली हळूहळू फिरवावा, चमक कुठे पेटते आणि कुठे विझते ते पाहावे आणि पेन्सिलीने रेघ मारून मगच करवतीला लावावा. चांगला कारागीर करवतीपेक्षा या फिरवण्यावर जास्त वेळ घालवतो, आणि बिघडलेल्या तुकड्यांपैकी बहुतेक इथल्याच घाईचे असतात.

कापायला हिऱ्याच्या कडेची पाती आणि भरपूर पाणी लागते. नागपुरात पाण्याची सोय कूलरच्या छोट्या पंपाने होते. उन्हाळा संपल्यावर तो घरात रिकामाच असतो. टबात सोडून त्याची नळी चाकावर धरली की काम भागते. घासण्याला ८० नंबरच्या (जाड कणांच्या) चूर्णापासून सुरुवात करून २२०, ४००, ६००, १२०० असे चढत जावे. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याला चमक आणणारे कारागीर वापरतात ते पाण्यावरचे डायमंड पॅडही उत्तम चालतात, आणि ते हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. सिलिकॉन कार्बाइडच्या चूर्णापेक्षा हिरा बरा. हेमॅटाइट आणि क्वार्ट्झ यांचे काठिण्य वेगळे असल्याने मऊ चूर्णाने घासताना क्वार्ट्झच्या पट्ट्या वर राहतात, मधला भाग खोल जातो आणि बोट फिरवले की खाचा लागतात. शेवटची झिलई चामड्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडने द्यावी. अंगठीतल्या खड्यासाठी तुकडा काडीला चिकटवायला लाख वापरतात. तापवताना घाई केली तर पापुद्र्यांत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड तडकतो, म्हणून तो आधी दिवसभर उन्हात वाळू द्यावा. फारच भुसभुशीत दगडात पातळ इपॉक्सी मुरवून तो घट्ट करतात. विकताना तसे सांगणे हा सभ्यपणा.

पाण्याविना घासू नये. लोखंडी धूळ फुप्फुसात साठते ती वाईटच, पण पट्टेदार खडकातल्या क्वार्ट्झची धूळ त्याहून घातक, तिने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. पाणी चालू असले तरी चांगला मास्क हवा. कामाला बसल्यावर चाकातून जे पाणी उडते ते गडद लाल असते. भिंत, बनियन, नखे, चपला, सगळे रंगते आणि हा रंग एका धुण्यात जात नाही. भाड्याच्या घरात बाल्कनीत चाक लावणाऱ्याने घरमालकाशी आधी बोलून ठेवावे. गाळ मोरीत सोडू नये. तो तळाशी दगडासारखा बसतो. बादलीत निवळू द्यावा, वरचे पाणी काढून टाकावे आणि खालचा गाळ वाळवावा.

जतन : सगळेच नमुने कापायचे नसतात. ताज्या तुटीवर पत्र्यांचा जो लखलखाट असतो तो कोणत्याही झिलईत येत नाही, म्हणून उत्तम तुकडा तसाच ठेवावा, असे बहुतेक जुन्या संग्राहकांचे मत आहे आणि ते रास्त आहे. साफ करायला मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरे. कापडाने चोळले तर पत्रे सुटतात. स्वतः हेमॅटाइट गंजत नाही, तो आधीच पूर्ण ऑक्सिडीकृत आहे. क्वार्ट्झवरचे लोखंडी डाग काढायला संग्राहक ऑक्झॅलिक आम्ल वापरतात, त्या भांड्यात स्पेक्युलराइट चुकूनही टाकू नये, कारण ते आम्ल लोहाच्या ऑक्साइडवरच चालते आणि नमुन्याची चकाकी घालवते. प्रत्येक तुकड्यासोबत ठिकाण, तालुका, कोणाकडून मिळाला आणि कापला असल्यास कोणत्या दिशेने, एवढे चिठ्ठीवर लिहावे. शाई टिकाऊ असावी. जेल पेनने लिहिलेली चिठ्ठी पावसाळ्यातल्या दमट हवेत पुसट होते आणि ठिकाण हरवलेल्या दगडाला अदलाबदलीत कुणी हात लावत नाही.