जीडीबीला फाईल उघडू का देत नाहीत?

फेडोरा लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम कोसळतो, बिघाडाची नोंद घेणारी एबीआरटी ही सेवा जीडीबी या डीबगरच्या (प्रोग्रॅममधले दोष शोधण्याच्या साधनाच्या) मदतीने त्याचा अहवाल बनवायला घेते आणि तेवढ्यात सूचना झळकते: एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेने जीडीबीला अमुक फाईल वाचू दिली नाही. माणूस चक्रावतो. फाईल आपली, जीडीबी कधी कधी चक्क रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) अधिकाराने चाललेलं, मग अडवलं कुणी?

जुन्या युनिक्समध्ये हा प्रश्नच नव्हता. फाईलचा मालक कोण आणि परवानगी कुणाला एवढंच बघायचं, आणि रूटला सगळी दारं उघडी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६मध्ये जीडीबी लिहिलं ते याच जगात. डीबगरचं कामच मुळी दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचं: चालू प्रोग्रॅम थांबवायचा, त्याची मेमरी वाचायची, लायब्ररी उघडायच्या. घुसखोरालाही नेमकं हेच हवं असतं, आणि सगळा पेच इथेच आहे.

अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने डिसेंबर २०००मध्ये एसईलिनक्स खुलं केलं. त्यामागची ‘फ्लास्क’ ही रचना युटा विद्यापीठासोबतच्या संशोधनातून आलेली. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते थेट कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, घेतलं नाही. अशा अनेक पद्धतींना सामावणारा एक सामाईक सांगाडा आधी हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातून एलएसएम (लिनक्स सिक्युरिटी मॉड्यूल्स) हा सांगाडा उभा राहिला आणि २००३च्या २.६ कर्नलमध्ये एसईलिनक्स आलं.

२००४च्या फेडोरा कोअर २मधली एसईलिनक्सची कडक पॉलिसी (नियमावली) लोकांना झेपणारी नव्हती, म्हणून ती मुळात बंदच ठेवली होती. त्याच वर्षी कोअर ३मध्ये मधला मार्ग निघाला: ठरावीक सेवांना कुंपण, वापरकर्त्याच्या स्वतःच्या प्रोग्रॅमना मोकळीक. माझ्या मते आजच्या गोंधळाचं मूळ या शहाण्या तडजोडीत आहे. तुम्ही टर्मिनलवरून जीडीबी चालवलंत तर ते मोकळ्या डोमेनमध्ये (नियमांच्या चौकटीत) चालतं. तेच जीडीबी एखाद्या सेवेने सुरू केलं, की वेगळा नियम नसेल तर त्या सेवेचं डोमेन त्याला चिकटतं, आणि तिची बंधनंही.

एबीआरटी ही अशीच एक सेवा, २००९च्या फेडोरा १२पासून आलेली. त्याच वर्षी जीडीबी ७.०मध्ये पायथन भाषेतल्या स्क्रिप्ट चालवायची सोय झाली. पायथनला स्क्रिप्ट वाचली की तिची तयार प्रत तिथेच शेजारी लिहून ठेवायची सवय. म्हणजे नुसतं वाचायला गेलेलं जीडीबी सिस्टीमच्या फोल्डरमध्ये लिहायलाही बघतं. पॉलिसी ते नाकारते, नोंद होते, पण जीडीबीचं काम काही थांबत नाही. २०१२च्या फेडोरा १७मध्ये तर इतर प्रोग्रॅममध्ये डोकावणंच बंद करणारा ‘डिनाय_पीट्रेस’ हा स्विच आला. तो मुळात बंद असतो, तो चालू केला तर टर्मिनलवरचं जीडीबीही चालू प्रोग्रॅमला जोडलं जात नाही.

म्हणून ‘सेटएन्फोर्स ०’ ही आज्ञा टाकून एसईलिनक्सची अख्खी राखण उठवण्याआधी नकाराच्या नोंदीची ओळ वाचा. ‘एस-कॉन्टेक्स्ट’ म्हणजे मागणारा कोण, ‘टी-कॉन्टेक्स्ट’ म्हणजे फाईलवर एसईलिनक्सने लावलेलं लेबल, आणि महिरपी कंसात नेमकं काय नाकारलं ते. मागणाऱ्याच्या जागी ‘एबीआरटी_टी’ आणि सिस्टीमच्या फोल्डरमधल्या फाईलवर ‘यूजर_होम_टी’ दिसलं, तर बहुतेक वेळा ती फाईल कुणीतरी ‘एमव्ही’ या हलवण्याच्या आज्ञेने घरच्या फोल्डरमधून हलवलेली असते. जागा बदलली, लेबल जुनंच राहिलं. तिथे जागेप्रमाणे लेबल परत लावणारी ‘रिस्टोरकॉन’ ही एक आज्ञा पुरते.