पेव

पेव म्हणजे धान्य साठविण्यासाठी जमिनीत खोदलेले कोठार. एका माणसाला टोपलीसह जेमतेम उतरता येईल एवढे तोंड, त्याखाली हात-दीड हात सरळ मान आणि पुढे घागरीसारखे फुगत गेलेले पोट, अशी त्याची सर्वसाधारण घडण असते. जुन्या लेखनात ‘पेंव’ असे रूप सापडते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाने (दुसरी आवृत्ती १८५७) तेच दिले आहे. सोलापूर, सांगली, साताऱ्याचा पूर्वभाग, मराठवाडा व लगतचे उत्तर कर्नाटक या ज्वारीच्या कोरडवाहू पट्ट्यात पेवांचा विशेष प्रचार होता. कन्नडमध्ये याच प्रकाराला ‘हगेवु’, तेलुगूत ‘पातर’ आणि उत्तर प्रदेशात ‘खत्ती’ म्हणतात. कोकणात पेव नाही. तेथे पावसाळ्यात जमिनीतील पाणी फार वर येते. त्यामुळे भात कणग्यात किंवा पेंढ्याच्या मुड्यात बांधून जमिनीपासून उंच ठेवतात.

प्राचीनता : पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घरांजवळ वर्तुळाकार खड्डे मिळाले. त्यांपैकी काहींचा तळ चुन्याने लिंपलेला होता. येथील मुख्य वस्ती ज्या ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीची होती, तिचा काळ सामान्यतः इ.स.पू. सुमारे १४०० ते ७०० असा धरतात. उत्खननकर्त्यांनी चुना लिंपलेल्या खड्ड्यांना धान्याची पेवे मानले असून ते मत ग्राह्य वाटते, कारण चुन्याचा थर तळातून चढणारी ओल अडवितो. कचरा टाकायच्या खड्ड्याला तो लावण्याचे प्रयोजन नाही. मात्र सगळ्याच खड्ड्यांना हे लागू करता येत नाही. काही खड्डे माती काढल्यामुळे झालेले असावेत, काहींत नंतर केरकचरा पडला, तर एखाददुसरा खोलगट खड्डा राहण्यासाठी वापरात असल्याचे मत मांडले गेले आहे. शिवाय इनामगावकरांचे मुख्य धान्य बार्ली होते, ज्वारी नव्हे. म्हणून ताम्रपाषाणयुगातील खड्ड्यांपासून आजच्या पेवापर्यंत अखंड परंपरा जोडणे धाडसाचे होईल. कोरड्या हवेत शेती करणाऱ्या निरनिराळ्या लोकांना हीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली असणे अधिक संभवते. इ.स.पू. पहिल्या शतकातील रोमन लेखक व्हॅरो याने कॅपाडोशिया (आजच्या तुर्कस्तानचा मध्यभाग) व थ्रेस (बाल्कनचा आग्नेय भाग) येथील भूमिगत कोठारांचे वर्णन केले आहे. त्यांत गहू पन्नास वर्षे टिकतो हे त्याचे विधान अतिशयोक्तीचे असले, तरी कोठार उघडताच आत उतरणाऱ्यांचा श्वास कोंडतो, ही त्याने नोंदविलेली सूचना आजही तितकीच खरी आहे.

पेव धान्य का टिकविते, याबाबत दोन मते आहेत. एका मताप्रमाणे खोलीवरील स्थिर तापमान हे मुख्य कारण. दख्खनमध्ये तीन मीटरांवर जमिनीचे तापमान वर्षभर साधारण २५° ते २८° से. राहते, पण नेमके याच तापमानाला सोंडे किडे जोमाने वाढतात, त्यामुळे एकट्या तापमानाने उलगडा होत नाही. दुसऱ्या मताप्रमाणे बंद पेवात दाणे, बुरशी व किडे मिळून प्राणवायू वापरतात, कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो आणि प्राणवायू दोन-तीन टक्क्यांपर्यंत उतरला की किडे मरतात. ब्रिटनमधील बटसर येथील प्रायोगिक प्राचीन शेतीवर खड्ड्यांत धान्य पुरून घेतलेल्या चाचण्यांनी याला बळकटी दिली. तेथे भिंतीलगतचे ओलसर दाणे अंकुरले, त्यांनीच प्राणवायू संपविला आणि आतले धान्य शाबूत राहिले. म्हणजे कडेचा थोडा नाश हा पेवाच्या कार्याचाच भाग ठरतो. दाणे मुळात वाळलेले असतील तरच हे साधते. ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास वा खाली हवा. शेतकरी तो दाताखाली पारखतो : दाणा कट्‌कन फुटला तर वाळला, चेपला तर सर्द.

जागा व खोदाई : पेव गावठाणाच्या पांढरीत (पांढुरक्या मातीत) किंवा घट्ट मुरमात खणतात, काळीत कधीच नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भेगांतून हवा व पाणी दोन्ही आत शिरतात. जागा उंचवट्याची हवी. विहीर, मोरी, गोठा व मोठी झाडे यांपासून ती लांब धरतात, कारण मुळे भिंत फोडतात आणि गोठ्यातले मूत झिरपत येते. खोदाई चैत्र-वैशाखात होते. तोंड दोन ते अडीच फूट रुंद ठेवून मानेखाली सर्व बाजूंनी सारखे रुंदावत जातात. वरच्या कमानीला आधार नसल्याने हा भाग सर्वांत धोक्याचा असून भुसभुशीत थर लागल्यास जागा सोडून देणे हाच उपाय. घरगुती पेव आठ-दहा फूट खोल असते. व्यापारी पेवे वीस फुटांपर्यंत व क्वचित त्याहून खोल आढळतात. खोदून झाल्यावर आत गोवऱ्या व कडबा जाळून भिंती भाजतात, राख काढतात आणि शेण-मातीने लिंपून सुकू देतात. जाळ विझल्यावर हवा खेळेपर्यंत आत उतरत नाहीत.

भरणी : तळाला ज्वारीच्या भुसाचा हातभर थर, त्यावर कडबा. भिंतीला कडब्याच्या पेंढ्या उभ्या लावतात आणि धान्य जसजसे वर येईल तसतसे हे अस्तर चढवीत जातात. ते एकदम मानेपर्यंत लावल्यास भरताना कोसळते आणि उघड्या पडलेल्या भिंतीला दाणा लागून तेथून कुजू लागतो. अस्तराची जाडी अर्ध्या फुटाहून कमी नसावी. त्यात किती जागा जाते याचा अंदाज सहसा चुकतो. सरासरी दोन मीटर व्यासाच्या पेवात १५ सेंमी. अस्तर लावले की सुमारे २८ टक्के जागा त्यातच संपते. अडीच मीटर उंचीपर्यंत धान्य भरले तरी ज्वारी मावते साधारण ४० क्विंटल. भरणी एक-दोन दिवसांत उरकतात. माणसे आत राहून धान्य तुडवितात, म्हणजे दाण्यांमधली हवा कमी होते. मानेपर्यंत पोकळी राहू देत नाहीत. वर पुन्हा भूस, त्यावर दगडी शिळा, सांधे शेण-मातीने बंद आणि शेवटी मातीचा उंचवटा, पाणी चारी बाजूंना निथळेल असा. त्यावरून गुरे गेली की पहिल्या पावसाआधी भेगा पडतात आणि पुढचे नुकसान उघडल्यावरच कळते.

चाळीस क्विंटल ज्वारी हे एका घराचे वर्षाचे खाणे नव्हे. माणशी दीड-दोन क्विंटल धरले तर सहा-सात माणसांच्या घराला ती तीन-चार वर्षे पुरेल. त्यामुळे पेवाला रोजच्या कोठारात जमा करणे चुकीचे आहे. ते मोठ्या शेतकऱ्याचे, भावकीचे किंवा सावकाराचे, दुष्काळासाठी बाजूला काढलेले धान्य होते. पेवातील धान्य आषाढ-श्रावणाच्या टंचाईत सवाईने वा दिढीने, म्हणजे सव्वापट वा दीडपट परत घेण्याच्या बोलीवर, दिले जाई. याची दुसरी बाजू अशी की पेव एकदा उघडले की पुन्हा नीट बंद होत नाही. आत हवा शिरते, उरलेले किडे पुन्हा वाढू लागतात. म्हणून ते चार-सहा दिवसांत रिते करावे लागते, आणि ज्याला एवढे धान्य एकदम लागत नाही तो ते उसने देतो. पुढे दुसऱ्याचे पेव फुटले की फेडून घेतो.

वर्षाच्या खाण्यासाठी कणगी. ती बांबूच्या कांबींची, निरगुडीच्या फोकांची किंवा तुराट्यांची विणून आतून-बाहेरून शेण-मातीने लिंपतात आणि भिंतीपासून सुटी, दगडांवर उभी करतात. खाली धान्य काढायला बोळा घातलेले भोक असते. कणगीत हवा खेळते. त्यामुळे तिथे सगळी भिस्त वाळवणावर आणि सावलीत सुकविलेल्या कडुनिंबाच्या पाल्यावर. बियाणे पेवात कधी ठेवीत नाहीत, कारण कोंदट उबेत त्याची उगवणशक्ती जाते. ते चाळलेल्या राखेत मिसळून मडक्यात किंवा वाळक्या दुधी भोपळ्यात, चुलीच्या धुरावर टांगतात. राख दाण्यांमधल्या फटी भरते आणि किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडून त्याला सुकविते. कडधान्यांचा भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालतो, त्यामुळे स्वच्छ कोठारातही तो निघतोच. त्यावर दोन उपाय आहेत : डाळ करून ठेवणे, किंवा अख्ख्या दाण्याला किलोमागे चमचा-दीड चमचा एरंडेल चोळणे. तेलाने अंड्याचा श्वास कोंडतो.

उघडणी व धोके : कार्बन डाय-ऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो आणि उपसा करताना दाण्यांमधून सुटत राहतो. सकाळी शिळा काढून दुपारी उतरणे हा साधा नियम अपुरा आहे, कारण वारा नसेल तर खालची हवा हलत नाही. दोरीला दिवा बांधून सोडण्याची पद्धत सर्वत्र आहे. दिवा विझला तर उतरू नये हे बरोबर. पण दिवा तेवत राहिला म्हणजे हवा चांगली, हा समज घातक आहे. ज्योत टिकते अशा हवेतही माणसाला भोवळ येऊ शकते. पालेदार फांदी वा उघडी छत्री दोरीने वारंवार वर-खाली करून हवा ढवळणे, आता ब्लोअरने हवा सोडणे, उतरणाऱ्याच्या काखेखालून दोर आणि वर दोन माणसे, एवढे किमान. हाकेला ओ आली नाही तर दोर ओढावा, खाली उडी घेऊ नये. वाचवायला उतरलेला दुसरा माणूस दगावणे हेच अशा अपघातांत वारंवार घडते. रिकामे पेवही तितकेच वाईट. पावसाचे पाणी शिरून जुना कडबा कुजतो आणि साफसफाईला उतरलेला माणूस बेसावध असतो.

निघालेल्या धान्यात भिंतीलगतचा थर काळा, घट्ट गोळा झालेला असतो. तो वेगळा काढतात. गुरांना घालण्याची पूर्वापार रीत बुरशीच्या विषामुळे टाळलेली बरी. आतल्या ज्वारीला आंबूस वास येतो; दोन-तीन उन्हे दिली की तो बराचसा जातो. पिठाची विरी (चिकटपणा) मात्र कमी होते, भाकरी थापताना चिरते. म्हणून पीठ आधणाच्या पाण्यात मळतात.

ऱ्हास : १९६०च्या दशकापासून सरकारी धान्य-बचाव मोहिमेने पत्र्याच्या कोठ्यांचा प्रसार केला, हे कारण नेहमी दिले जाते. पिकातील बदल त्याहून महत्त्वाचा दिसतो. रब्बी ज्वारीची मालदांडी ३५-१ ही जात फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत काढणीला येते आणि पेवाला अगदी सोयीची. १९६४मध्ये आलेल्या सीएसएच-१ पासूनच्या खरीप संकरित ज्वाऱ्या मात्र परतीच्या पावसात सापडतात, दाणा काळा पडतो; असा माल पुरणे म्हणजे घालविणे.

हळदीसाठी पेव अधिक काळ टिकले. सांगलीजवळ कृष्णा-वारणा संगमावरील हरिपूर येथील पेवांत व्यापारी हळद वर्षानुवर्षे ठेवीत. तिला कीड लागत नाही व रंग उतरत नाही अशी त्यांची ख्याती. २००५च्या महापुरात पाणी शिरून यांतील बरीच निकामी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

वापरात नसलेले पेव नुसते झाकून ठेवू नये. जुन्या गावठाणात घराचा पाया अशा पोकळीवर आला की भिंत खचते. बुजविताना आधी कडबा पूर्ण काढून मुरमाचे फूट-फूट थर पाणी मारून ठोकतात. केरकचरा टाकल्यास तो कुजून भराव पुन्हा बसतो.