सिक्वेन्स पाठवताना सी-टोक आठवणीने लिहा

“मशीन दोन-तीन तासांत वीस अमिनो आम्लं जोडतं, मग तुम्ही दोन आठवडे का मागता?” असं आमच्याकडून पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) बनवून घेणारे ग्राहक नेहमी विचारतात. त्याचं उत्तर पुढे दिलं आहे. त्याआधी, ज्या एका चुकीपायी खरे दिवस वाया जातात ती सांगतो.

सिक्वेन्स, म्हणजे साखळीतल्या अमिनो आम्लांचा क्रम, आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, यंत्र मात्र ती उजवीकडून बांधत येतं. रसायनशास्त्रज्ञ मेरीफिल्ड यांनी १९६३ साली ही पद्धत मांडली, तेव्हापासून सी-टोकाचं, म्हणजे उजवीकडचं शेवटचं, अमिनो आम्ल आधी रेझिनला (न विरघळणाऱ्या बारीक मण्यांना) जोडतात. त्यामुळे टोकाला आम्ल (-COOH) हवं की अमाइड (-CONH₂), हे रेझिन निवडतानाच ठरतं. आम्लासाठी वांग रेझिन, अमाइडसाठी रिंक अमाइड रेझिन. उदाहरणार्थ, ऑक्सिटोसिन या नऊ अमिनो आम्लांच्या संप्रेरकाच्या टोकाला अमाइड असतो. त्यांची फक्त नऊ अक्षरं लिहून पाठवलीत तर ते कळायला मार्ग नाही.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीच्या फॉर्मवर हा रकाना कोरा होता. आम्ही आम्ल धरून चाललो. माल शुद्ध करून, वाळवून तयार झाला आणि फोन आला, “अमाइड हवा होता.” आता बदलून देता येईना, कारण साखळीत अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांचेही तसेच गट होते, नेमका टोकाचाच गट पकडणार कसा? सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हापासून रकाना कोरा असेल तर आम्ही मशीन सुरूच करत नाही. काहींना ही अडवणूक वाटते, पण यात आपलाच वेळ वाचतो.

आता वेळेबद्दल. मायक्रोवेव्हने ९० अंशांवर एक जोडणी दोन-चार मिनिटांत होते. हाताने करायची तर अर्धा-एक तास जातो. पण सिस्टीन आणि हिस्टिडीन आम्ही ५० अंशांवरच जोडतो, नाहीतर त्यांचं डी-रूप (आरशातल्या प्रतिमेसारखं उलटं रूप) तयार होतं. शिवाय प्रत्येक जोडणी ९९ टक्के झाली, तरी तीस जोडण्यांनंतर पूर्ण साखळी ७४ टक्केच उरते. बाकीच्या तुटक साखळ्या एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) वेगळ्या काढायच्या असतात, आणि खरे दिवस तिथेच जातात.

ऑर्डर पक्की करण्याआधी सिक्वेन्स पाठवा. कुठे अडेल, कोणता तुकडा विरघळायला त्रास देईल, ते आम्ही विनामूल्य पाहून सांगतो. फक्त वहीच्या पानाचा फोटो नको, टाइप करून पाठवा. आय आणि एल यांत गोंधळ झाला, तर आयसोल्युसिन आणि ल्युसिन यांचं वस्तुमान सारखंच असल्याने मास स्पेक्ट्रममध्येही ती चूक सापडत नाही.