दीड हजार व्होल्टवरून पंचवीस हजारांवर : मुंबईच्या डीसी-एसी बदलाची पार्श्वभूमी

९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बर मार्गावर शेवटची डीसी लोकल धावली आणि मुंबईच्या उपनगरी जाळ्यातून दीड हजार व्होल्टचा डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) पुरवठा कायमचा गेला; त्याच्या जागी पंचवीस हजार व्होल्टचा एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज, आला. ब्रिटिशांनी लादलेली जुनाट यंत्रणा एकदाची सुटली, असं तेव्हा बरंच बोललं गेलं. यंत्रणा जुनी होती हे खरं. पण ती निवडणाऱ्यांना अक्कल नव्हती असा त्याचा अर्थ लावला जातो, तो चुकीचा आहे. हा सगळा इतिहास म्हणजे रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारं उपकरण) कुठे बसवायचा, जमिनीवर की गाडीत, या एका प्रश्नाचा इतिहास आहे. त्या-त्या काळात बाजारात कोणता सुटा भाग मिळत होता, त्यावर उत्तर ठरत गेलं.

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने पहिली विजेची गाडी गेली, तेव्हा गाडी ओढण्यासाठी डीसी सिरीज मोटरला तोड नव्हती. थांबलेल्या अवस्थेत ती सगळ्यात जास्त जोर लावते आणि वेग वाढेल तसा जोर आपोआप कमी होत जातो. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या लोकलला आणखी काय हवं? सुरुवातीला मोटरी एकामागे एक जोडायच्या, वाटेत रेझिस्टन्स घालायचा, वेग आला की तो टप्प्याटप्प्याने काढायचा आणि मोटरी समांतर जोडायच्या. रेझिस्टन्समध्ये वीज उष्णता होऊन वाया जायची, पण जोडणी साधी, दणकट आणि कारशेडमधल्या कामगाराच्या हातातली होती.

वीज मात्र तेव्हाही एसीच यायची. खोपोली, भिवपुरी आणि पुढे भिरा इथल्या जलविद्युत केंद्रांतून ती घाट उतरून मुंबईत येत होती, आणि रेल्वेने ठाकुर्लीला स्वतःचं औष्णिक केंद्रही उभारलं. ही थ्री-फेज (तीन तारांतून येणारी) एसी वीज डीसी करायला सबस्टेशनात रोटरी कन्व्हर्टर बसवलेले असत. कित्येक टन वजनाचं, सतत फिरणारं, कार्बन ब्रशवाल्या कम्युटेटरचं (ब्रश घासतात त्या फिरत्या तांब्याच्या कड्याचं) हे धूड गाडीत बसवायचा विचारच नको. म्हणून डीसी जमिनीवर तयार करायचा आणि ओव्हरहेड वायरमधून गाडीला द्यायचा, हा तेव्हाचा शहाणपणाचा मार्ग होता. ब्रिटनमध्येही त्याच सुमारास दीड हजार व्होल्ट डीसी हेच प्रमाण मानलं जाऊ लागलं होतं. स्वित्झर्लंड-जर्मनीने एसी घेतला खरा, पण नेहमीच्या ५० हर्ट्‌झवर एसी मोटरच्या कम्युटेटरवर ठिणग्यांचा धुडगूस होई, म्हणून त्यांनी १६⅔ हर्ट्‌झची वेगळी वीज आणि ती बनवायला वेगळी यंत्रं असा खर्चिक संसार मांडला. तो आपल्याकडे कोणी मांडला नाही, हे बरंच झालं.

१९२८ मध्ये कुलाबा–बोरिवली, १९३० पर्यंत कल्याणहून पुणे आणि इगतपुरी असे दोन्ही घाट विजेवर आले. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली ती याच वायरखाली. रोटरी कन्व्हर्टरचा एक गुण नंतर विसरला गेला. हे यंत्र उलटही चालतं. घाट उतरणाऱ्या इंजिनाच्या मोटरी जनरेटरसारख्या चालवून वायरीत परत सोडलेली वीज जवळपासच्या चढणाऱ्या गाडीला लागली नाही, तरी सबस्टेशनमार्गे ग्रिडमध्ये जाऊ शकत होती. पुढे मर्क्युरी आर्क रेक्टिफायर आले. बंद भांड्यात पारा, त्यावर नाचणारा ठिणगीचा ठिपका, काचेचा असला तर आत निळसर-जांभळा उजेड. ना फिरता भाग, ना ब्रश झिजण्याची कटकट. पण त्यातून वीज एकाच दिशेने जाते. नंतरच्या सिलिकॉन डायोडचंही तेच. देखभाल सोपी झाली आणि परतीची वाट बंद झाली. हा सौदा तोट्याचा होता असं म्हणवत नाही, पण त्याची किंमत फारशी कोणी मोजलीही नाही.

खरा वाद १९५७ च्या निर्णयाचा आहे. त्या वर्षी देशभरातल्या पुढच्या विद्युतीकरणासाठी २५ किलोव्होल्ट, ५० हर्ट्‌झ, सिंगल-फेज एसी पद्धत स्वीकारली गेली. त्याआधी काही वर्षं फ्रान्सने ती करून दाखवली होती: नेहमीच्या ग्रिडची वीज सरळ वायरीत सोडायची, ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर इंजिनातच ठेवायचे, मोटर डीसीचीच. हे शक्य झालं, कारण रेक्टिफायर आता इंजिनात मावेल एवढा लहान झाला होता. रोटरी कन्व्हर्टरच्या काळात हीच कल्पना कागदावर राहिली असती.

फरक किती, ते हिशोबात पाहा. ३,००० किलोवॅट ओढणाऱ्या इंजिनाला दीड हजार व्होल्टवर २,००० अँपिअर लागतात. पंचवीस हजार व्होल्टवर तेवढ्याच ताकदीला साधारण १२०. तारेतली नासाडी अँपिअरच्या वर्गाने वाढते, म्हणून डीसीत जाडजूड तांबं लागतं. गाडीच्या टपावरचा पेंटोग्राफ जिला घासत जातो ती डीसीची वायर १९३ चौरस मिलिमीटरची, तर एसीची १०७ ची. आणि तांबं जाड असूनही गजबजलेल्या भागात दर तीन-चार किलोमीटरला सबस्टेशन हवं. एसीत हे अंतर चाळीस-पन्नास किलोमीटरवर जातं.

नवा मार्ग टाकायचा तर यात वाद नव्हताच. प्रश्न जुन्या मार्गांचा होता. कोलकात्यात तर गंमतच झाली. तिथे १९५७ च्या अखेरीस हावड्याहून ३,००० व्होल्ट डीसीवर लोकल सुरू झाली, म्हणजे देशाचं धोरण बदललं त्याच वर्षी. पण ते जाळं लहान होतं. साठच्या दशकात ते २५ किलोव्होल्टवर नेलं गेलं. चेन्नईचा मीटर गेजवरचा डीसी मार्गही त्याच दशकात एसीवर गेला. मुंबईला हात लावला गेला नाही.

त्या वेळी हात न लावणं योग्यच होतं असं मला वाटतं. मुंबईत तेव्हाच शेकडो डबे, दोन घाट, डझनभर सबस्टेशनं आणि रोजची गर्दी डीसीवर उभी होती, आणि लोकलच्या डब्याखाली धक्के खात चालेल असा भरवशाचा रेक्टिफायर अजून नवखा होता. इंजिनात बसवणं वेगळं, डब्याच्या पोटाखाली मुंबईच्या पावसात टांगणं वेगळं. पण सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत चित्र पालटलं होतं. सिलिकॉन डायोड रुळला होता. एसीची वायर एका बाजूने विरारला, दुसऱ्या बाजूने इगतपुरीला येऊन भिडली होती. नेमक्या त्याच दशकात चित्तरंजनच्या कारखान्यात घाटातल्या मालगाड्यांसाठी खास डीसीची नवी इंजिनं बांधली जात होती, आणि पुढची वीस वर्षं मुंबईसाठी डीसीचेच नवे रेक (डब्यांचे अख्खे संच) येत राहिले. प्रत्येक नवा रेक म्हणजे बदल आणखी पंचवीस वर्षं पुढे ढकलायचं निमित्त. खरी चूक १९५७ ची नाही, या वीस वर्षांची आहे.

दरम्यान सांधे जोडायचं काम चालू होतं. इगतपुरीला इंजिन बदलायचं, हे लांबच्या गाड्यांच्या वेळापत्रकातच लिहिलेलं असे. कसाऱ्याच्या चढासाठी मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागायची ती वेगळीच. पश्चिम मार्गावर दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं आली. त्यांतल्या पहिल्या जातीची ताकद एसीवर सुमारे ३,६४० अश्वशक्ती आणि डीसीवर सुमारे २,९३० होती. म्हणजे मुंबईच्या हद्दीत शिरताच तेच इंजिन पाचव्या हिश्शाने अशक्त व्हायचं.

डीसीची कोंडी नव्वदच्या दशकात उघड झाली. नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या करायच्या, दोन गाड्यांमधलं अंतर कमी करायचं, आणि एकाच सबस्टेशनवर एका वेळी तीन-चार गाड्या सुटताना हजारो अँपिअर खेचणार. इथे एक तांत्रिक पेच आहे, जो बाहेर फारसा बोलला जात नाही. सबस्टेशनपासून दूर वायर तुटून रुळावर पडली, तर मधल्या तारेच्या रेझिस्टन्समुळे शॉर्ट सर्किटचा प्रवाह मर्यादित राहतो, आणि तो जवळच्या दोन भरलेल्या गाड्यांच्या प्रवाहाएवढाच दिसू शकतो. मग बिघाड होताच वीज तोडणाऱ्या ब्रेकरने ओळखायचं कसं, हा अपघात की सकाळी नवाची गर्दी? सेटिंग खाली ठेवलं तर गर्दीत विनाकारण वीज जाणार. वर ठेवलं तर तुटलेली तार जिवंत राहणार.

ब्रेकरचंही वेगळंच. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तिथे ठिणगी विझवणं सोपं. डीसी शून्यावर येतच नाही. संपर्क उघडला की त्यात पेटलेली ज्योत चुंबकाने फुंकून, ताणून, सिरॅमिकच्या फटींत कोंबून तोडावी लागते. डीसी सबस्टेशनात ब्रेकर पडताना ज्यांनी ऐकला आहे, त्यांना बंदुकीच्या बाराची उपमा द्यावी लागत नाही. शिवाय रुळांतून परत जाणारा प्रवाह जमिनीत भरकटून आसपासच्या लोखंडी पाइपांत शिरतो आणि बाहेर पडताना त्यांना कुरतडतो.

एवढं सगळं माहीत असूनही बदल दोन दशकांच्या आसपास चालला, आणि विलंबाचं खापर फक्त कारभारावर फोडणं अन्यायाचं होईल. वायर बदलणं हा कामाचा सोपा भाग होता. उड्डाणपूल १,५०० व्होल्टच्या हिशोबाने बांधलेले. २५,००० व्होल्टला पुलाच्या तळाशी जास्त मोकळी जागा लागते. कुठे रूळ खाली घेतले, कुठे पूल उचलले, आणि सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये मेगाब्लॉक घेऊन पाडला. टपावरून प्रवास करणाऱ्यांसाठी धोका निराळ्याच जातीचा झाला, कारण पंचवीस हजार व्होल्टला स्पर्शाची गरज नसते, नुसतं जवळ जाणं पुरतं.

सिग्नलची अडचण तर मुळातली होती. रुळावर गाडी आहे की नाही, हे ट्रॅक सर्किटवरून कळतं. डीसीच्या राज्यात ट्रॅक सर्किट एसीचं ठेवतात, म्हणजे गाडीच्या प्रवाहाशी गल्लत होत नाही; एसीच्या राज्यात ते डीसीचं ठेवतात. पण ज्या मार्गावर आज डीसी आणि उद्या ५० हर्ट्‌झ एसी येणार, तिथे दोन्ही निरुपयोगी. मग ८३⅓ हर्ट्‌झची वीज खास तयार करून रुळांत सोडली गेली. तिच्यासारखी दुसरी वारंवारता आसपास कुठेच नाही. तिच्यासोबत ऑडिओ फ्रिक्वेन्सीवाली सर्किटंही आली. हे सगळं आधी पुरं झाल्याशिवाय एक व्होल्टही बदलता येत नव्हता.

आणि गाड्या. एका रात्रीत सगळं जाळं बदलणं अशक्य, म्हणून मधल्या काळासाठी दोन्ही विजांवर चालणारे रेक हवेत, तेही शंभराच्या हिशोबात. २००७ पासून आलेल्या नव्या रेकांनी हे जमवलं. त्यांत आयजीबीटीवर (झटपट चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) चालणारे कन्व्हर्टर होते. वायरीत एसी असो वा डीसी, आत आधी एकसारखा डीसी तयार व्हायचा आणि त्यातून थ्री-फेज मोटरी चालायच्या. जुनी सिरीज मोटर, तिचे ब्रश, तिचे रेझिस्टन्स, सगळं गेलं. बदलाच्या जागी वायरीत बिनविजेचा तुकडा ठेवलेला असे. मोटरमन आधी पॉवर काढायचा, गाडी आपल्या वेगात तो तुकडा ओलांडायची, डब्यातले पंखे मंदावत थांबायचे, दिवे क्षणभर जायचे, आणि पलीकडे सगळं परत सुरू. दारात उभ्या असलेल्यांना सवय झाली होती. नवखा तेवढा वर पाहायचा.

पश्चिम मार्ग फेब्रुवारी २०१२ मध्ये पुरा झाला, मध्यचा मुख्य मार्ग जून २०१५ मध्ये, हार्बर शेवटी. नव्या गाड्या ब्रेक लावताना वीज परत देतात आणि तीस-पस्तीस टक्के बचतीचा दावा केला जातो. त्या बचतीचं श्रेय मात्र एसीला दिलं जातं तेवढं त्याचं नाही. बरंचसं श्रेय आयजीबीटीचं आहे. तीच गाडी डीसीच्या वायरखालीही वीज परत देऊ शकत होती, घ्यायला जवळ दुसरी गाडी असली तर. मुंबईत ती बहुधा असतेच.

एसीची स्वतःची दुखणीही बातम्यांत येत नाहीत. सिंगल-फेज ओढ थ्री-फेज ग्रिडला लंगडं करते, म्हणून शेजारच्या सबस्टेशनांना वेगवेगळ्या फेज द्याव्या लागतात आणि त्यांच्या सीमेवर पुन्हा तोच बिनविजेचा तुकडा येतो. डीसी सबस्टेशन तिन्ही फेजवर सारखा भार टाकतं. मुंबईचा डीसी जाण्याच्या कितीतरी आधी, नव्वदच्या दशकाअखेरीस, चंद्रपूरची वीज ७५२ किलोमीटर दूर पडघ्याला आणण्यासाठी उभारलेली ५०० किलोव्होल्टची वाहिनी डीसीचीच आहे. थायरिस्टर या मोठ्या ताकदीच्या इलेक्ट्रॉनिक स्विचमुळे ती शक्य झाली. लोकलच्या छतावरून डीसी हद्दपार करायच्या योजना चालू असताना डीसी राज्याच्या आरपार नव्याने धावत होता.

मेट्रोत तर अजून एकमत नाही. मुंबईची पहिली मेट्रो २५ किलोव्होल्ट एसीवर चालते, बंगळूरची रुळाशेजारच्या ७५० व्होल्ट डीसीच्या थर्ड रेलवर, म्हणजे वीज वाहणाऱ्या तिसऱ्या रुळावर. पुण्यात दोन्ही एकाच शहरात आले. आधीच्या दोन मार्गिकांवर डोक्यावरून २५ किलोव्होल्टची वायर जाते, आणि हिंजवडी–शिवाजीनगर मार्गिकेसाठी रुळाशेजारचा ७५० व्होल्ट डीसीचा थर्ड रेल निवडला गेला.