मेडिकेडची सूत्रे विमा कंपन्यांकडे कशी गेली

मेडिकेड ही अमेरिकेतली गरिबांसाठीची सरकारी आरोग्ययोजना. तिच्या दर चार लाभार्थ्यांपैकी तिघांच्या कार्डावर आज एखाद्या विमा कंपनीचे नाव असते. राज्य सरकार त्या कंपनीला माणशी दरमहा ठरावीक रक्कम देते आणि तेवढ्यात तपासणी, शस्त्रक्रिया, बाळंतपण, मुलांचे लसीकरण हे सगळे बसवण्याची जबाबदारी कंपनीची असते. या पद्धतीला मॅनेज्ड केअर म्हणतात. चाळीसहून अधिक राज्यांत ती चालते आणि मेडिकेडच्या एकूण खर्चातला निम्म्याच्या आसपास पैसा याच वाटेने जातो. ती एका कायद्याने आली नाही. राज्यांच्या तिजोऱ्या आटल्या की नोंदणी वाढायची, माणसांचे हाल झाले की नियम यायचे, आणि या दोहोंत बऱ्याचदा कित्येक वर्षे जायची. माझ्या मते या इतिहासातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन्ही योजनांच्या कायद्यावर सही केली. मेडिकेअर वृद्धांसाठी आणि पूर्णपणे केंद्राची. मेडिकेडचा खर्च मात्र केंद्र आणि राज्य मिळून करतात. केंद्राचा वाटा किमान निम्मा असतो, गरीब राज्यांना त्याहून जास्त मिळतो, आणि कारभार राज्याकडे राहतो. सुरुवातीला डॉक्टर आणि रुग्णालये प्रत्येक सेवेचे बिल थेट राज्याकडे पाठवत. किती बिले येतील याचा अंदाज कुणालाच नसे. राज्यांना आपला अर्थसंकल्प बहुधा समतोल ठेवावाच लागतो. त्यामुळे ही अनिश्चितता त्यांना सर्वांत जास्त टोचत होती.

पहिला मोठा प्रयोग कॅलिफोर्नियात झाला. रोनाल्ड रेगन गव्हर्नर असताना १९७१ च्या सुधारणांनंतर तिथे आगाऊ पैसे घेणाऱ्या खासगी योजनांना मेडिकेडचे लाभार्थी देण्यात आले. माणशी पैसे मिळणार म्हटल्यावर माणसे गोळा करण्याची चढाओढ लागली. विक्रेते दारोदार फिरले, खोटी आश्वासने दिली, लोकांना फसवून सह्या घेतल्या. नाव नोंदवलेल्या कित्येकांना प्रत्यक्षात उपचार मिळाले नाहीत. अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, सुनावण्या झाल्या आणि १९७६ मध्ये नियम आला की अशा योजनेतले निम्म्याहून अधिक सदस्य मेडिकेड वा मेडिकेअरचे असता कामा नयेत. मागचा विचार सरळ होता: स्वतःच्या खिशातून किंवा नोकरीतून विमा घेणारे लोक जिथे जायला तयार नाहीत, त्या योजनेत सरकारने गरिबांनाही पाठवू नये. हा नियम मला आजही फार शहाणपणाचा वाटतो. पण तो टिकला नाही. १९८१ मध्ये, रेगन राष्ट्राध्यक्ष असताना, ही मर्यादा पंचाहत्तर टक्क्यांवर गेली. राज्यांना वेव्हर, म्हणजे केंद्राची खास परवानगी, घेऊन लाभार्थ्यांचे डॉक्टर निवडण्याचे स्वातंत्र्य आवळण्याचीही मुभा मिळाली.

पुढच्याच वर्षी ॲरिझोना मेडिकेडमध्ये आले. सगळ्यांत शेवटी आलेल्या या राज्याने पहिल्या दिवसापासून मॅनेज्ड केअरच स्वीकारले. कारभारही खासगी कंपनीकडे दिला होता, पण त्यात इतका गोंधळ झाला की १९८४ मध्ये राज्याला तो स्वतःकडे घ्यावा लागला. त्यानंतर मात्र ॲरिझोनाची घडी बसली आणि इतर राज्ये तिचा दाखला देऊ लागली.

खरी लाट नव्वदच्या दशकात आली. १९८८ ते १९९२ या काळात मेडिकेडचा खर्च दुपटीच्या घरात गेला, त्यातच मंदी होती. १९९१ मध्ये जेमतेम दहा टक्के लाभार्थी मॅनेज्ड केअरमध्ये होते. १९९७ पर्यंत ते प्रमाण अठ्ठेचाळीस टक्क्यांच्या आसपास गेले. टेनेसीने तर १ जानेवारी १९९४ रोजी टेनकेअर नावाने सगळे मेडिकेड एका फटक्यात विमा कंपन्यांकडे सोपवले. गव्हर्नर नेड मॅकव्हर्टर यांचा हिशेब असा, की त्यातून वाचलेल्या पैशात विमा नसलेल्यांनाही सामावून घेता येईल. वर्षभरात सुमारे चार लाख नवे लोक आले, आणि हे यश खरे होते. पण कंपन्या त्या ओझ्यासाठी तयार नव्हत्या. काही अडचणीत आल्या, राज्याला आर्थिक जोखीम पुन्हा स्वतःकडे घ्यावी लागली, आणि २००५ मध्ये गव्हर्नर फिल ब्रेडसन यांच्या काळात सुमारे १ लाख ७० हजार प्रौढांना योजनेतून काढण्यात आले. त्यात असाध्य आजारांचे रुग्णही होते.

१९९७ च्या कायद्याने वेव्हरशिवायच बहुतेक लाभार्थ्यांवर मॅनेज्ड केअर सक्तीचे करण्याची वाट मोकळी केली आणि पंचाहत्तर टक्क्यांची मर्यादाही रद्द केली. त्यामुळे केवळ मेडिकेडवर जगणाऱ्या कंपन्या फोफावल्या. मोलिना ही कंपनी १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका डॉक्टरने गरीब रुग्णांच्या दवाखान्यातून सुरू केली होती. सेंटीन १९८४ मध्ये मिलवॉकीत ना-नफा योजना म्हणून जन्मली. आज या दोन्ही शेअर बाजारातल्या बलाढ्य कंपन्या आहेत. युनायटेडहेल्थ, एलेव्हन्स आणि एटना धरून पाच कंपन्यांकडे या क्षेत्रातले निम्मे सदस्य आहेत.

औषधांचा धागा इथे बारकाईने पाहण्यासारखा आहे. १९९० च्या कायद्याने औषध कंपन्यांकडून मेडिकेडला परतावा, म्हणजे किमतीतला काही भाग परत, मिळू लागला, पण राज्याने थेट पैसे मोजलेल्या औषधांवरच. म्हणून अनेक राज्यांनी औषधे कंपन्यांच्या करारांबाहेर ठेवली. २०१० च्या ओबामाकाळातल्या आरोग्य कायद्याने परतावा दोन्हीकडे लागू केला आणि औषधेही करारांत गेली. तिथे विमा कंपन्यांनी औषधांचे व्यवहार सांभाळायला मध्यस्थ नेमले. ओहायोच्या लेखापरीक्षकाने २०१८ मध्ये दाखवून दिले, की मध्यस्थांनी योजनांकडून घेतलेले आणि औषध दुकानांना दिलेले पैसे यांत एका वर्षात २२ कोटी ४८ लाख डॉलरचा फरक होता. २०२१ मध्ये सेंटीनने ओहायोशी ८ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड केली. पुढे कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्कने औषधे पुन्हा स्वतःकडे घेतली.

त्याच २०१० च्या कायद्यामुळे २०१४ पासून गरीब प्रौढांनाही मेडिकेड खुले झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला, तरी आजवर चाळीस राज्यांनी तो स्वीकारला आहे. नवे लोक बहुतांशी थेट कंपन्यांकडेच गेले. आयोवाने २०१६ मध्ये जवळपास सगळी योजना कंपन्यांना दिली. तीन वर्षांत त्यांतल्या दोन सोडून गेल्या. नॉर्थ कॅरोलायना २०२१ मध्ये आले, ओक्लाहोमा २०२४ मध्ये. उलट दिशेला गेले ते कनेक्टिकट: २०१२ मध्ये त्याने कंपन्यांना निरोप दिला आणि जोखीम स्वतःकडे ठेवली. आपल्याकडच्या वाचकांशी याचा थेट संबंध येतो तो न्यू जर्सीसारख्या राज्यात. मुलांकडे कायमचे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांना ग्रीन कार्डानंतरही सर्वसाधारणपणे पाच वर्षे मेडिकेड मिळत नाही. ही अट १९९६ ची. पुढे उत्पन्नाच्या अटीत बसले, तर हातात पडते ते बहुधा एखाद्या कंपनीचेच कार्ड.

कार्ड असणे म्हणजे उपचार मिळणे नव्हे, याचे आकडे उशिरा आले. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०२३ मध्ये सांगितले, की तपासलेल्या मेडिकेड कंपन्यांनी २०१९ मध्ये पूर्वपरवानगीच्या, म्हणजे उपचाराआधी कंपनीकडून घ्यायच्या मंजुरीच्या, दर आठ मागण्यांपैकी एक नाकारली होती. वृद्धांच्या खासगी मेडिकेअर योजनांपेक्षा हे प्रमाण दुपटीहून जास्त होते. तोवर सोळा वर्षे झाली होती एका घटनेला: २००७ मध्ये मेरीलँडमध्ये बारा वर्षांचा मुलगा दाताच्या जंतुसंसर्गाने दगावला. ८० डॉलरात दात काढता आला असता. त्याच्या भावासाठी मेडिकेड घेणारा दंतवैद्य शोधताना आई आणि वकील थकून गेले होते. केंद्राने भेटीसाठीच्या कमाल प्रतीक्षेचे नियम केले ते २०२४ मध्ये: साध्या तपासणीसाठी पंधरा कामाचे दिवस, मानसोपचारासाठी दहा.

साथीच्या काळात, मार्च २०२० पासून, कुणाचेही नाव काढायचे नाही या अटीवर केंद्राने राज्यांना जादा पैसा दिला. नोंदणी सुमारे ७ कोटी १० लाखांवरून ९ कोटी ४० लाखांच्या आसपास गेली. एप्रिल २०२३ पासून छाननी सुरू झाली आणि अडीच कोटींहून अधिक लोकांची नावे गेली. त्यांतली जवळपास सत्तर टक्के अपात्र ठरल्यामुळे गेली नाहीत. कुणाचा कागद पोचला नाही, कुणाचा पत्ता जुना होता. मागे राहिलेले सरासरीने अधिक आजारी, त्यामुळे आधी ठरलेली दरडोई रक्कम कंपन्यांना अपुरी पडू लागली.

४ जुलै २०२५ च्या कायद्याने विस्तारातून आलेल्या प्रौढांना महिन्याला ८० तास कामाची अट घातली आहे आणि त्यांची पात्रता दर सहा महिन्यांनी तपासली जाणार आहे. बहुतेक राज्यांना कामाची अट १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू करायची आहे. अशीच अट आर्कान्सासने २०१८ मध्ये लावली होती, तेव्हा काही महिन्यांत अठरा हजारांवर लोक बाहेर पडले. कुणी अट पाळली हे ठरवण्याचे काम विमा कंपन्यांना देता येणार नाही, असे नव्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. छाननीत कोट्यवधी कागद ज्यांना उरकले नाहीत, त्या राज्य आणि काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्यांच्या) कचेऱ्यांवरच ते काम येणार आहे.