गाडी ओढते म्हणजे अलाइनमेंटच गेलं?

गाडी एका बाजूला ओढायला लागली की 'अलाइनमेंट गेलं' (चाकांचे कोन बिघडले) म्हणून लोक मोकळे होतात. आधी टायर थंड असताना हवा मोजा. पुढच्या ज्या चाकात ती कमी, तिकडे गाडी जाते. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला दिलेला उतारही तिला कडेला नेतो. हवा ठीक असेल तर पुढची दोन चाकं आपसात बदला (टायरवर दिशेचा बाण असेल तर नको). ओढ उलटली किंवा थांबली, तर दोष टायरचा. अलाइनमेंट कितीदाही करा, तो जायचा नाही. थोडं चालवून रिमजवळ हात न्या, टेकवू नका: एकच चाक तापलंय? ब्रेक अडकतोय. आणि अलाइनमेंटमधला नुसता टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळलीत तो कोन) बिघडला तर बहुधा स्टिअरिंग तिरकं बसतं, टायर झिजतात, एवढंच.