लेझर स्पीड गनच्या आकड्यावर प्रश्न का उठतात

इंदूरच्या बायपासवर किंवा सुपर कॉरिडॉरवर रोज गाडी चालवणाऱ्यांना स्पीड गन नवी नाही. चालान येतं, त्यावर वेगाचा आकडा असतो आणि घरोघरी एकच वाद सुरू होतो: "एवढ्या जोरात नव्हतोच मी!" बहुतेक जण वैतागून पैसे भरतात. आकड्यावर शंका घेतली की पळवाट शोधतोय असा शिक्का बसतो. पण ही यंत्रं आज जेवढी भरवशाची आहेत, तेवढी ती अशा शंका घेणाऱ्यांमुळेच झाली आहेत.

सुरुवात लेझरच्याही आधीची, रडारच्या काळातली. 1979 मध्ये अमेरिकेत मायामीच्या कोर्टात पोलिसांच्या रडारवरून मोठा वाद झाला. रडारने एका ताडाच्या झाडाचा वेग ताशी 86 मैल आणि एका घराचा 28 मैल दाखवल्याचं उघड झालं होतं. न्यायाधीशांनी रडारचा पुरावा नाकारला. त्यानंतर यंत्राच्या चाचण्या आणि पोलिसांचं प्रशिक्षण या गोष्टी तिकडे गांभीर्याने घेतल्या जाऊ लागल्या.

लेझर गन 1990 च्या सुमारास आली. तिचं तत्त्व वेगळं आहे. बंदुकीतून अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे अगदी छोटे झोत एकामागून एक सुटतात, गाडीवर आपटून परत येतात, आणि जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर निघतं. साधारण पाव ते अर्ध्या सेकंदात अशी बरीच अंतरं मोजून, ती किती झपाट्याने बदलतात त्यावरून वेग काढतात. ज्या इंदूरमध्ये 1984 साली कॅटची, म्हणजे आजच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली आणि जिथे लेझरवरच संशोधन चालतं, तिथल्या लोकांना तरी हे नीट समजावून सांगायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

प्रकाशाचा वेग काही बदलत नाही. चूक शिरते ती नेम धरण्यात. समजा, समोरून येणाऱ्या कारच्या काचेवर नेम धरला आणि 0.3 सेकंदात हात हलून तो नंबर प्लेटवर घसरला. प्लेट काचेपेक्षा दीडेक मीटर पुढे असते. यंत्राला वाटतं, गाडी तेवढी जास्त जवळ आली. दीड मीटर भागिले 0.3 सेकंद म्हणजे सेकंदाला 5 मीटर, ताशी 18 किलोमीटर. सगळे जादाचे! चांगली यंत्रं अंतरात अचानक उडी दिसली की रीडिंग रद्द करतात. नेम संथपणे, एकसारखा घसरला तर मात्र ते ओळखणं अवघड होतं. 2005 मध्ये ब्रिटनमधल्या एका वृत्तपत्राने घेतलेल्या चाचणीत लेझर गनने जागच्या जागी उभ्या भिंतीचा वेग ताशी 44 मैल दाखवला.

दुसरी अडचण झोताच्या रुंदीची. 3 मिलिरेडियनने, म्हणजे दर हजार मीटरमागे 3 मीटर पसरणारा झोत 300 मीटरवर जवळपास 90 सेंटीमीटर रुंद होतो. आपल्याकडे दोन स्कूटर शेजारीशेजारी चालल्या असतील तर आकडा नेमका कोणाचा? बाजूने तिरका नेम धरल्यामुळे होणारी चूक मात्र चालकाच्या फायद्याची असते, त्यात वेग कमीच दिसतो. तिचा बाऊ करण्यात अर्थ नाही.

या सगळ्याची कसून तपासणी अमेरिकेतल्या न्यू जर्सीत झाली. 1996 मध्ये तिथले न्यायाधीश रेजिनल्ड स्टँटन यांनी पुरेशा चाचण्या झालेल्या नाहीत म्हणून लेझर गनचं रीडिंग पुरावा म्हणून स्वीकारायला नकार दिला. चाचण्या झाल्या, आणि 1998 मध्ये त्यांनीच ते स्वीकारलं, पण अटी घालून: मुसळधार पावसात किंवा बर्फ पडत असताना चालणार नाही, आणि अंतर 1,000 फुटांपेक्षा, म्हणजे साधारण 300 मीटरपेक्षा जास्त असेल तर तज्ज्ञाची साक्ष लागेल.

आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यात, कलम 183 मध्ये, एक चांगली तरतूद आहे: वेगाबद्दल एकाच साक्षीदाराचं मत असेल तर तेवढ्यावर शिक्षा होत नाही, त्या मताला यंत्राच्या मोजणीचा आधार लागतो. म्हणजे सगळा भार यंत्रावर. 2019 च्या दुरुस्तीने दंड वाढला, कारसाठी तो 1,000 ते 2,000 रुपये झाला. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या नियम 167अ ने अशी यंत्रं बसवण्यासाठी इंदूरसह देशातल्या 132 शहरांची यादी दिली आणि यंत्र अचूक असल्याचं राज्य सरकारी प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घेणं बंधनकारक केलं. त्या नियमानुसार नोटीस गुन्ह्यापासून 15 दिवसांत पाठवली पाहिजे. 1 जुलै 2025 पासून वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांना वैधमापन (वजनमापं तपासणाऱ्या) खात्याची तपासणी आणि शिक्का लागतो, पण त्या नियमांची मांडणी डॉप्लर रडारभोवती, म्हणजे परतणाऱ्या रेडिओ लहरींच्या बदलावरून वेग काढणाऱ्या यंत्रांभोवती आहे, लेझरभोवती नाही.

नियम 167अ प्रमाणे चालानसोबत गाडीचा स्पष्ट फोटो, यंत्राचं रीडिंग, तारीख, वेळ आणि ठिकाण द्यावं लागतं. नेम किती मीटरवरून धरला होता, हे देण्याची सक्ती त्यात नाही. लेझर गन वेगासोबत अंतरही मोजतेच, तेव्हा तो आकडा चालानवर छापायला काहीच अडचण नसावी. चालान हातात आलं की यंत्राच्या प्रमाणपत्राची तारीख आणि हे अंतर, दोन्ही लेखी मागावीत.